मागची बैठक

“पण बुवा, माझ्यात नेमकं कमी काय आहे, ते तरी सांगा!”

 केदारपुरी बुवा मठीच्या ओट्यावर बसून तळपायातला काटा काढीत होते, आणि तो काटा त्यांना समोरच्या प्रश्नापेक्षा अधिक खोल गेलेला वाटत होता.

उपेंद्रराव खानविलकर अंगणात उभे होते. कोल्हापुरातील एका कारखान्याचे ते उत्पादनप्रमुख. विचारलेल्या प्रश्नाला ताबडतोब उत्तर मिळण्याची त्यांना सवय होती.

त्यांच्यामागे त्यांची मोटारसायकल उभी होती. गडद निळी, रुंद छातीची, दोन्ही कुशींना पेट्या लावलेली. निम्मी शर्यतीची आणि निम्मी दूरच्या प्रवासाची, अशा जातीची ती. मागची बैठक तर पाहुण्यासाठी मांडलेल्या खुर्चीसारखी ऐसपैस.

त्या बैठकीवर हल्ली कोणी बसत नव्हते. दुखणे होते ते हेच.

सावरघाटाच्या माथ्यावरची ही मठी तशी लहान. बुवा गोसावी होते; परंतु पूर्वाश्रमी ते सैन्यात होते, आणि जवानांना मोटारसायकल शिकविण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. भगवी वस्त्रे घेतली की ती विद्या आपोआप सुटेल, अशी त्यांची समजूत होती. ती सुटली नाही. घाटातून जाणारे स्वार वास काढीत मठीपर्यंत येत. बुवा आधी वैतागत, मग त्यांना हाकलून देत, आणि शेवटी शिकवीत.

उपेंद्रराव पावसाळा सरल्यापासून दर रविवारी येत होते.

“वळण मला येतं,” ते म्हणाले. “ब्रेक मला येतो. तुम्ही म्हणालात म्हणून महिनाभर नुसतं थांबायला शिकलो. भरल्या पेट्यांनिशी गाडी जागच्या जागी फिरवून दाखवली. आता आणखी काय हवं?”

“सुई हवी,” बुवा म्हणाले.

सुई निघाली ती सुमेधाबाईंच्या पर्समधून. सुमेधाबाई उपेंद्ररावांच्या पत्नी. नवरा मोटारसायकलने आला होता. त्या त्याच्यामागून एसटीने आल्या होत्या, आणि थांब्यापासून मठीपर्यंत उन्हात छत्री उघडून चालत आल्या होत्या. सुई त्यांनी बुवांच्या हाती दिली आणि त्या ओट्याच्या कडेला टेकल्या.

“बुवा, ह्यांना एकदा काय ते सांगून टाका. मी आता खरंच कंटाळले.”

“झालं तरी काय?”

“ह्यांनी सांगितलं नाही?”

“तो म्हणाला, तुम्हाला वेगाची भीती वाटते.”

सुमेधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पंचवीस वर्षे संसार केलेली स्त्रीच असे पाहू शकते.

“भीती वाटली, हे खरं. म्हणून ‘थांबा’ म्हणायला मी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ह्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय!”

“हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, बुवा,” उपेंद्रराव म्हणाले.

“म्हणून तर थाप मारली! एकदा मारली, ह्यांनी वेग वाढवला. पुन्हा मारली, आणखी वाढवला. शेवटी गुद्दा घातला, तर ह्यांनी अंगठा वर करून दाखवला.”

बुवांच्या हातातील सुई थांबली.

“अंगठा?”

“अंगठा!”

“पुढे?”

“पुढे चहाच्या टपरीपाशी थांबले, तेव्हा मी उतरले आणि एसटीत बसले. हेल्मेट मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, ‘बाई, गाडी बंद पडली काय?’ म्हटलं, ‘बंद पडत नाही, हेच तर दुःख आहे.’”

उपेंद्ररावांनी आकाशाकडे पाहिले. ही हकिकत त्यांच्या नातेवाइकांत आता सर्वांना पाठ झाली होती.

सुमेधाबाईंचा आवाज मात्र खाली आला.

“मुलगी बंगळूरला गेली, बुवा. घरात आम्ही दोघंच. ही गाडी ह्यांनी दोघांसाठी घेतली, ते खोटं नाही. मलाही जायचं आहे हो… पुष्कळ ठिकाणी जायचं आहे. पण रोज त्याच वादात मला म्हातारं व्हायचं नाही. आज तुम्ही ‘बस’ म्हणालात, तर मी बसेन. ‘नको’ म्हणालात, तर ह्यांनी एकट्यानं फिरावं. मला पुन्हा विचारू नये.”



बुवांनी काटा काढला, तो उन्हात धरून पाहिला आणि फेकून दिला. मग उठून घंटेशेजारच्या खुंटीवरचे आपले जुने हेल्मेट उतरविले.

“चल. मला मागे घे.”

“तुम्हाला?”

“का? पाहुण्यांची खुर्ची आहे ना ती? खाली पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत जिथं थांबशील, तिथून मी खांद्यावर थाप दिल्याशिवाय हलायचं नाही.”

“एवढं मला कळतं, बुवा.”

“तुला सगळंच कळतं,” बुवा वैतागून म्हणाले. “तोच तर ताप आहे.”

बुवा बसले. वाळलेल्या शेंगेएवढे त्यांचे वजन. थाप पडली, आणि मोटारसायकल निघाली.

उपेंद्ररावांनी त्या दिवशी जीव ओतून गाडी चालविली, हे कबूल केलेच पाहिजे. एकही वळण चुकले नाही. एकदाही हिसका बसला नाही. गाडी वळणात कलायची आणि वळण संपताच, शहाण्या मुलीने पदर सावरावा तशी, सरळ व्हायची. गाडीची पुढची काच खाली घेऊन ते मान किंचित मागे वळवीत आणि सांगत.

“हे वळण बघा, बुवा. आत शिरण्याआधीच वेग कमी केला.”

बुवा गप्प.

“आणि आता बाहेर पडताना हळूहळू वाढवला. कळलं सुद्धा नाही ना?”

बुवा गप्प.

गुरूचे मौन म्हणजे संमती, असा हिशेब उपेंद्ररावांनी मनोमन केला, आणि त्यांना बरे वाटले.

अर्ध्या घाटात एका अरुंद वळणावर रस्ता तुंबला होता. खालून लाकडांनी भरलेला ट्रक चढत होता, वरून एक जीप उतरत होती, आणि मागे कोणी घ्यायचे, यावरून दोन्ही चालक रस्त्यावर उतरून एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करीत होते.

उपेंद्ररावांनी गाडी थांबविली. पाय टेकले.

“अहो, जीप मागे घ्या ना! तुमच्यामागे जागा आहे!”

जीपवाल्याने ऐकले नाही.

“ट्रकवाले! चाक डावीकडे वळवा! डावीकडे! अरे, डावं कोणतं ते तरी ठाऊक आहे का?”

“तुम्हीच या चालवायला, साहेब,” ट्रकवाला म्हणाला.

उपेंद्ररावांनी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. असल्या माणसांना परवाना देतो कोण, असे त्यांनी घाटाला मोठ्याने विचारले. कारखान्यात असे कोणी वागले असते, तर त्यांनी एका मिनिटात सरळ केले असते. येथे मात्र दोन अडाणी माणसे त्यांचा सुंदर चाललेला प्रवास अडवून बसली होती, तोही नेमका आजच.

अखेर कुरकुरत जीप हातभर मागे सरली. ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये फट पडली.

उपेंद्ररावांनी ती फट अचूक हेरली. गाडी बाणासारखी त्यातून निघाली, आणि ट्रक आरशात मागे पडला.

“पाहिलंत, बुवा? अशा वेळी ताकद लागते. मागे कोणी बसलंय, हे हिला जाणवतसुद्धा नाही!”

पुलापर्यंत ते बोलत राहिले. वारा अडविणारी पुढची काच बटणाने कशी वरखाली होते, ते त्यांनी सांगितले. थंडीत मुठी कशा गरम होतात, तेही सांगितले. सुमेधाला हे सारे समजून घ्यायचेच नाही, अशी तक्रारही त्यांनी केली, आणि गुरूंनी ती शांतपणे ऐकून घेतल्याचे त्यांना समाधान वाटले.

पुलावर त्यांनी गाडी अलगद थांबविली. स्टँड लावला.

“उतरा, बुवा. जरा पाय मोकळे करा.”

पाण्याचा आवाज येत होता.

“बुवा?”

उपेंद्ररावांनी मान वळविली.

मागची बैठक रिकामी होती…

क्षणभर त्यांना काही उमजलेच नाही. त्यांनी बैठकीवर हात ठेवून पाहिला. वाकून पेटीच्या पलीकडे पाहिले. 

बुवा पडले होते. कोठे?

त्यांनी आठवून पाहिले. घाट त्यांना पाठ होता. कोणत्या वळणावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, हे ते झोपेतून उठूनही सांगू शकले असते. मागचा माणूस कोणत्या वळणापर्यंत होता, ते मात्र त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांनी गाडी वळविली.

आता पहिल्याच वळणावर ते थांबले. उतरले. कठड्यावरून खाली वाकून त्यांनी हाक मारली, “बुवा!” उत्तर आले नाही. पुढे निघाले. पुन्हा थांबले. हेल्मेटची काच त्यांनी केव्हाच वर केली होती, कारण कोठूनतरी कण्हण्याचा आवाज येईल आणि तो इंजिनात बुडून जाईल, ही धास्ती त्यांना सोडीत नव्हती. एका वळणावर तर त्यांनी इंजिनच बंद केले आणि श्वास रोखून ते नुसते ऐकत राहिले.

पुढच्या उतारावर, खाली करवंदीच्या जाळीत, काहीतरी भगवे दिसले.

उपेंद्रराव कठड्यावरून उतरले. घसरले. हाताला जे मिळेल ते धरीत खाली गेले. जाळीत अडकली होती ती कोणत्यातरी जुन्या झेंड्याची चिंधी.

ती हातात घेऊन ते तेथेच बसले.

वर जाऊन काय सांगायचे? ओट्यावर बसलेल्या सुमेधाला कोणत्या तोंडाने सांगायचे, की बुवा माझ्या मागून गळून पडले आणि मी पुलापर्यंत त्यांच्याशी बोलत होतो? आणि मग, नको असताना, आणखी एक विचार आला. आज मागे सुमेधाच असती तर…

तो विचार त्यांनी पुरा केला नाही. ते उठले आणि वर चढू लागले.

ट्रक अडला होता, त्या वळणावर रस्ता मोकळा झाला होता. कठड्यावर केदारपुरी बुवा बसले होते. हेल्मेट शेजारी, पदरात भुईमुगाच्या शेंगा.

“किती वेळ लावलास रे!” बुवा म्हणाले. “पाठ धरली माझी.”

उपेंद्ररावांनी गाडी कशीबशी उभी केली आणि ते धावत कठड्यापाशी गेले. 

“बुवा! तुम्ही… तुम्ही पडला नाहीत?”

“मी कशाला पडेन? उतरलो. ते दोघं भांडत होते, त्यांची समजूत घातली. जीप मी मागे घ्यायला लावली. त्यांनी ह्या शेंगा दिल्या. खातोस?”

“शेंगा?” उपेंद्रराव ओरडले. “मी प्रत्येक दरीत डोकावत आलोय! मला वाटलं, तुम्ही गेलात! उतरताना सांगायचं नाही का? ही काय थट्टा झाली, बुवा?”

बुवांनी शेंग फोडली.

“निघताना मी थाप दिली होती?”

उपेंद्ररावांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.



 त्यांच्या तळहातांना काट्यांचे ओरखडे होते, महागड्या जाकिटाला माती लागली होती, आणि करवंदीचे एक पान त्यांच्या कॉलरमध्ये अडकले होते. कारखान्यातल्या कोणी त्यांना तेव्हा ओळखले नसते.

“चुकलो,” ते हळूच म्हणाले. “ही गाडी मी विकून टाकतो. तुम्ही वर चला आणि सुमेधाला ‘नको’ म्हणून सांगा. तिचं बरोबर आहे. तिला माझ्या मागे बसवायची माझी लायकी नाही.”

बुवा घाटाकडे पाहत होते. कठड्यावरून खालची सारी वळणे दिसत होती, अगदी पुलापर्यंत.

“मी तुला येताना पाहत होतो.”

उपेंद्ररावांनी कॉलरमधले पान काढून टाकले.

“त्या करवंदीच्या वळणावर कोणत्या गिअरमध्ये होतास?”

उपेंद्ररावांनी आठवण्याचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या. डोळे मिटून पाहिले…

“आठवत नाही, बुवा.”

केदारपुरी बुवांनी शेंगांची टरफले झटकली, हेल्मेट डोक्यावर चढविले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरचा वैताग ओसरला.

“तिला मी ‘बस’ म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “ती मागे बसली, की तू तिला असाच शोधत जा.”