येसबाची मान आणि पैलवानाचा हात

एका गावात येसबा नावाचा एक भोळा शिंपी होता. किती भोळा? गिऱ्हाईक जुना सदरा देऊन म्हणालं, "अगदी अस्साच शिव," तर हा नव्या सदऱ्याच्या खिशालाही भोक ठेवायचा.

मशीनवर वाकून वाकून त्याची मान धरली. तालुक्याला फोटो काढला, तर मानेचे मणके झिजलेले. तिथल्या व्यायामाच्या मॅडमनी त्याला समोर बसवून शिकवलं. मान सावकाश डावीकडे न्यायची, मग उजवीकडे. रोज दिवेलागणीला, हातातलं काम टाकून. आणि व्यायाम करताना बोलायचं नाही.

येसबाचं लग्न जमत नव्हतं. आई पारूबाई देव पाण्यात ठेवून बसली होती. शेवटी शेजारच्या गावच्या दौलतराव पैलवानांची सगुणा सांगून आली. पोहे झाले, चहा झाला, बोलता बोलता दिवे लागले. नेमकं तेव्हाच पैलवानांनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना?

येसबाने मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. सावकाश.

सगुणा ताट आपटून आत गेली. पारूबाईने हातापाया पडून दुखण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे पैलवान निवळले. घरी येताना तिने लेकाला बजावलं, मेल्या, चार माणसांत मान हलवायची नाही.

साखरपुड्याला चार सोडून चाळीस माणसं. पैलवानांच्या थोरल्या बहिणीला नमस्कार कर म्हटलं, तर हा खांबासारखा उभा. मान हलली असती ना! म्हातारी फुगून बसली. पारूबाईने कपाळ बडवून घेतलं. "यापुढे माझं काही ऐकू नकोस. मॅडम सांगतील तेवढंच कर," ती म्हणाली.

येसबाने ऐकलं. तोच तर त्याचा रोग.

मॅडमनी पुढचा व्यायाम दिला. डोक्याला हात लावून त्या हलकेच दाबणार, येसबाने तेवढाच उलटा जोर लावायचा, आणि त्या 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. बाई भल्या. येसबाने त्यांना लग्नाचं आवतणही दिलं.

लग्न गोरज मुहूर्ताचं. मुंडावळ्या बांधून येसबा मांडवात आला. पैलवानांनी मोठ्या मायेने जावयाच्या डोक्यावर हात ठेवला. येसबाने तेवढाच उलटा जोर लावला.

पैलवान चमकले. जुनं हाड ते, हार कुठलं मानतंय? त्यांनी जरा दाबलं. येसबानेही जरा रेटलं. पैलवानांनी पाय रोवले, फेटा सुटला, अंग घामाने निथळलं. वऱ्हाड खुर्च्यांवर चढून बघायला लागलं. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. पारूबाई ओरडली, "सोड रे!" पण तिचं ऐकायचं नाही, असं तिनेच सांगितलेलं.

एवढ्यात मॅडम आल्या. जरीची साडी, हातात आहेराचं पाकीट. समोरचा प्रकार त्यांनी बघितला. "सोडा," त्या म्हणाल्या.

येसबाने सोडलं. पैलवान तोंडावर आपटले ते थेट अक्षतांच्या परातीत.

मॅडमना भूक लागली होती. त्या मागच्या अंगणात पंगतीला बसायला गेल्या. पैलवान मिशांतले तांदूळ झाडत उठले आणि गरजले, "एकदाच सांग. माझ्या पोरीशी लग्न करायचंय की नाही?"

मांडवातल्या दिव्यांच्या माळा लागल्या. दिवेलागण झाली.

येसबाने मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. सावकाश.

पैलवानांनी बाह्या सरसावल्या. पण सगुणाला तोवर हा माणूस कळला होता, आणि खरं सांगायचं तर आवडलाही होता. ती पुढे झाली. आपणच याची मान वर-खाली करू, म्हणजे होकार होईल आणि मुहूर्तही साधेल, असा तिने विचार केला. तिने दोन्ही हातांनी नवऱ्या मुलाचं डोकं धरलं आणि हलकेच खाली दाबलं.

येसबाने तेवढाच उलटा जोर लावला.

आणि मॅडमच्या पानात तिकडे आत्ता कुठे जिलबी पडत होती.