विनोद सांगणारा भुरकू

तळ्याकाठचे पशुपक्षी संध्याकाळी एकत्र जमून गाणी-गोष्टी करत, तेव्हाची गोष्ट. भुरकू नावाचं बगळ्याचं पिल्लू जन्मापासून एका पायाचं होतं. एकदा त्याने जाहीर केलं, "उद्या मी विनोद सांगणार!"

आई काळजीत पडली. सगळे हसले तर? आता विनोदाला हसणारच, पण आईचं मन ते! ती गुपचूप घरोघर फिरली. "म्हशीबाई, कासवमामा, एवढं ऐका. माझ्या लेकराला हसू नका." सगळ्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी भुरकू दगडावर चढला. "मंडळी, आमचे काका एका पायावर उभे राहिले की तुम्ही म्हणता, काय ही तपश्चर्या! आणि मी उभा राहिलो की म्हणता, अरेरे!"

कुणीच हसेना. म्हैस तर डोळे पुसू लागली. भुरकूचा आवाज बारीक झाला. "बरं, शेवटचा सांगतो आणि उतरतो. आमची आई वाऱ्यालासुद्धा बजावते, 'भुरकू उभा आहे, जरा हळू वाहा हं!'"

आई फसकन हसली. सकाळीच तिने वाऱ्याला अगदी हेच बजावलं होतं.

म्हैस दचकली. "अगं, तूच ना म्हणालीस हसू नका?"

"चुकलंच माझं," आई म्हणाली. "हसा हो, नाहीतर तो खरंच उतरेल!"

मग कासवमामा इतके हसले की उताणेच पडले.

"मामांना कुणीतरी सरळ करा," भुरकू वरून ओरडला, "माझे अजून पुष्कळ बाकी आहेत!"