नदीत उभी राहिलेली किवा

खूप खूप वर्षं झाली. जपानच्या डोंगरांत सावानो नावाचं गाव होतं आणि त्या गावात किवा नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्याच हातात पहिल्यांदा रडलं होतं, असं म्हणतात.

नवरा गेल्यावर किवा एकटीच राहायची. दुपारी अंगणात अकरा मुलींना अक्षरं शिकवायची. एकदा दूरच्या रेशीम गिरणीचा माणूस आला, गावप्रमुखाला भेटला, आणि अकराही जणींना गिरणीत धाडायचं घाटू लागलं. आदल्या वर्षी चौघी गेल्या होत्या. दोघी खोकत परतल्या, दोघी परतल्याच नाहीत.

"मी सभेत बोलणार," किवा म्हणाली.

नदीकाठी सभा भरली. किवा उठली तसा फौजदार आडवा आला. तेव्हा बायकांना सभेत बोलायची कायद्यानं बंदी होती.

"बाई, या जमिनीवर तोंड उघडलंस तर बेड्या घालीन."

किवानं पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं आणि ती सरळ नदीत शिरली. वितळलेल्या बर्फाचं पाणी सुसाट धावत होतं. कमरेएवढ्या पाण्यात ती वळली.

"आता मी जमिनीवर नाही!"

मग ती बोलू लागली. त्या चौघींची नावं तिनं एकेक करून घेतली. पाय बधिर झाले, दात वाजू लागले, तरी ती थांबेना. नदीनं आपली खळखळ आवरली आणि किवाचा शब्द पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचला, असं म्हणतात. फौजदार बेड्या घेऊन काठावर वाट बघत राहिला. थंडी हिला बाहेर काढेलच, त्याला वाटलं.

इतक्यात किवाचा पाय निसटला. पाण्यानं तिला ओढलं, तोच कुणीतरी तिचं मनगट धरलं. ती होती ओतोसे, गावप्रमुखाची ऐंशी वर्षांची आई. तिच्यामागे हातात हात घालून साऱ्या बायका पाण्यात उतरल्या.

"आई, बाहेर ये! मरशील!" गावप्रमुख ओरडला.

"आधी शब्द दे. पोरी जाणार नाहीत."

पाणी म्हातारीच्या हनुवटीला लागलं.

"दिला! दिला शब्द!"

काठावर येताच किवाला बेड्या पडल्या. वीस दिवसांनी ती सुटली. तिच्या पायांत पुन्हा कधी ऊब आली नाही, पण त्याच पायांनी ती गावोगाव फिरली आणि मुलींच्या शाळा काढत गेली.

आजही बर्फ वितळू लागलं की सावानोत किवाची सभा भरते. त्या दिवशी गावप्रमुख कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि काठावर बायका बोलतात. शेवटच्या बाईचं बोलून झाल्याशिवाय त्याला बाहेर यायची मुभा नाही.

आणि बायका मुळीच घाई करत नाहीत, असं म्हणतात.