चढावर राहिलेली उटी

एका घाटाच्या माथ्यावर माथवाडी नावाचे गाव होते. गावात घरटी एक गाडी होती. कुणाचा ट्रक, कुणाचा टेम्पो, कुणाची प्रवासी भरून नेणारी वडापची जीप. तिथली माणसे शेतापेक्षा रस्त्यावर जास्त राबत.

त्या गावची रेणुका शिकायला दूर परदेशी गेली होती. रस्त्यावरची सुरक्षा आणि विमा हा तिचा विषय. शिक्षण पुरे झाले तशी ती तडक गावी परतली. येताना तिने मनाशी गावाचे एक चित्र रंगवले होते. गाड्यांना ब्रेक नसतील, पुढे लिंबू-मिरची तेवढी लटकत असेल. विम्याचे कागद कुणापाशी नसतील. स्वयंपाकघरांत गॅसच्या नळ्या तडकलेल्या असतील. आपण एकेकाचा हात धरून शिकवू आणि गाव सुधारून दाखवू, असे तिने ठरवले होते.

येऊन पाहते तो सगळे उलटेच! लिंबू-मिरची होती, पण ब्रेकही होते. प्रत्येक सीटमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत विम्याचा कागद नीट घडी घालून ठेवलेला होता. दारू पिऊन कुणी चावीला हात लावला, तर त्याची बायकोच चावी हिसकावून घेई. निजण्याआधी बाया सिलिंडर बंद करत आणि शेजारणीला हाक मारून विचारत, “झाला का गं बंद?” घाटदेवीच्या देवळापाशी प्रत्येक गाडी थांबे. ड्रायव्हर खाली उतरे, चाकांचे नट हाताने चाचपी, देवीचा अंगारा लावी आणि मगच घाट उतरू लागे. माथवाडीची एकही गाडी कधी दरीत गेली नव्हती.

“शिकवायला आलीस ना, पोरी?” जीपवाले सर्जेराव मिश्कील हसून म्हणाले. “मग शिकव की! कुठल्या चाकापासून सुरुवात करतेस?”

रेणुका ओशाळली आणि दुसऱ्याच क्षणी तिची छाती अभिमानाने भरून आली. हे आपले गाव! मग तिने वेगळेच मनावर घेतले. या गावाचे नाव साऱ्या जिल्ह्याला कळले पाहिजे. तिने खटपट केली, जिल्ह्याच्या वाहतूक खात्यातल्या साहेबांना गावात आणून सगळे दाखवले. साहेब खूश झाले. देवळापाशी ‘सुरक्षित गाव माथवाडी’ असा मोठा फलक लावायचे ठरले. गावात दिवाळीसारखी धांदल उडाली.

त्या गावाची एक रीत मात्र सांगायला हवी. देवळाखालच्या वळणावर घाटातला सर्वांत खडा चढ होता. भरलेली गाडी तिथे तापायची. मग ड्रायव्हर गाडी थांबवून मागच्या चाकाला दगड लावी, म्हणजे गाडी मागे घरंगळत नसे. या दगडाला उटी म्हणत. प्रत्येक घरची उटी वेगळी. दसऱ्याला गाडीबरोबर तिचीही पूजा होई, तिला घरच्या आवडीचा रंग लागे. पूर्वी गाडीबरोबर क्लीनर असे. गाडी हलली की तो उटी उचली आणि पळत येऊन गाडीत चढे. आता क्लीनर कुणाला परवडत नव्हता. आणि चढावर निघालेली गाडी पुन्हा थांबवणे हा माथवाडीत कमीपणा होता. ‘दुसऱ्यांदा थांबला तो माथवाडीचा नव्हे,’ अशी म्हणच पडली होती. म्हणून उटी तिथेच राही. “येता-जाता उचलू. दगड काय पळून जातोय?” असे सगळे म्हणत. दगड पळून जात नव्हता हे खरे. तेच वाईट होते.

फलक लागायच्या आदल्या दिवशी रेणुका देवळापाशी मांडव घालून घेत होती. तिचे वडील दौलततात्या विटांनी भरलेला ट्रक घेऊन वर आले. वळणावर थांबले, इंजिन निवू दिले आणि एका दमात चढ चढून मांडवापाशी पोचले.

“पाहिलंस, रेणू?” कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले. “एकदा निघालो की निघालो.”

“आबा, उद्याच्या भाषणात हे घालणार आहे मी,” ती हसून म्हणाली.

तात्या विटा उतरवायला गावात गेले. थोड्याच वेळात खालून धडाड असा आवाज आला, आणि पाठोपाठ काचा फुटल्यासारखा खळखळाट. सगळे वळणाकडे धावले.

एक मोटरसायकल आडवी पडली होती. निवृत्ती कासार आणि त्याची बायको वत्सला बाजाराला बांगड्या घेऊन निघाले होते. निवृत्तीला खरचटले होते. वत्सलाचा पाय मांडीपाशी वाकडा झाला होता. रस्ताभर हिरव्या, लाल, मोरपंखी काचांचा सडा पडला होता.

माथवाडीकर मदतीला कधी मागे राहत नसत. कुणी पाणी आणले, कुणी फळी आणून पायाला बांधली. सर्जेरावांनी जीपमधल्या माणसांना उतरवून जागा केली. गावातून धावत आलेल्या तात्यांनी वत्सलाचे डोके मांडीवर घेतले.

“दादा,” ती कण्हत म्हणाली, “पाय राहील ना? बाजारात उभं राहूनच पोट भरतं हो आमचं.”

“राहील, बाई. का नाही राहणार?” तात्या म्हणाले.

जीप गेली. रेणुका काचा गोळा करायला वाकली. काचांखाली एक दगड होता. हिरवा रंग दिलेला, वर पिवळी चाफ्याची फुले. ती फुले तिनेच काढली होती, गेल्या दसऱ्याला. त्यांच्या घरची उटी होती ती.

तिचा हात आपोआप चालला. दगड उचलून तिने खांद्यावरच्या मांडवाच्या सामानाच्या पिशवीत टाकला आणि वर मांडवाचे कापड झाकले.

तेवढ्यात खालच्या ठाण्याचे हवालदार आले. “कशानं पडले?” त्यांनी विचारले.

“वेगानं, दुसरं काय!” मांडवातला एकजण म्हणाला. “घाट ठाऊक नसलेली बाहेरची माणसं ही.”

हवालदारांनी ‘वेग’ असे लिहून घेतले. त्यांनी रेणुकाकडे पाहिले. “ताई, तुम्ही तर यातल्या शिकलेल्या. बरोबर ना?”

रेणुकाने मान हलवली. हो की नाही, ते तिचे तिलाच कळले नाही. हवालदारांनी हो धरले.

संध्याकाळी तात्या ओट्यावर बसले होते. रेणुकाने पिशवीतून उटी काढून त्यांच्यासमोर ठेवली. तात्यांनी ती पाहिली आणि नजर वळवली.

“ओळखलीत ना, आबा?”

“दगडाला काय नाव असतं?”

“याला आहे. आपणच दिलंय.”

तात्या म्हणाले, “उद्या फलक लागतोय. सारा गाव वर्षानुवर्षं जपून चालला, त्याचं हे फळ. एका दगडापायी सगळ्यांच्या तोंडाला काळं फासू? त्या बाईच्या औषधपाण्याला गाव मिळून मदत करील. तिला उघड्यावर टाकणार नाही मी.”

“मदत आज मिळेल, उद्या मिळेल. पुढं? पाय बरा व्हायला किती काळ लागेल कोण जाणे. आणि ‘वेग’ लिहिलं गेलं की दोष त्यांच्यावर येतो. मग भरपाई मागायची कुणाकडं? उटी लिहिली, तर निदान आपल्या गाडीच्या विम्याकडं त्यांना दाद मागता येईल.”

“माझा विमा माझ्या गाडीसाठी आहे.”

“नाही, आबा. सरकार जो सक्तीनं काढायला लावतं, तो आपल्या गाडीसाठी नसतोच. तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी असतो. आपल्यामुळं ज्याचं नुकसान होईल, त्याच्यासाठी. विमा किती देईल, देईल का, ते पुढं ठरेल. पण आधी खरं सांगावं लागतं, आणि लगेच सांगावं लागतं.”

“आजवर त्या कागदाला हात लावायची पाळी आली नाही माझ्यावर,” तात्या ताठ मानेने म्हणाले.

“छत्री कोरडी राहिली म्हणून मिरवायचं, आणि शेजारचा भिजतोय तिकडं बघायचं नाही, असलं झालं हे!”

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. छत्री तर आज तिनेही मिटूनच धरली होती. हवालदारांसमोर तिनेच मान हलवली होती. ती उठून आत गेली. उटी ओट्यावरच राहिली.

सकाळी रेणुका बाहेर आली तर ओट्यावर उटी नव्हती. अंगणात ट्रक नव्हता. आबाही नव्हते.

आबांनी उटी दरीत फेकली, असे तिला वाटले. आता पुरावा उरला नाही. गप्प बसले तर कुणाला काही कळणार नाही. फलक लागेल, हार पडतील, तिच्या भाषणाला टाळ्या मिळतील. कुठेतरी दवाखान्यात एक बांगडीवाली आपलाच वेग जास्त होता, असे समजून पडून राहील. उंबऱ्यापाशी ती क्षणभर उभी राहिली. दगड गेला तर गेला, जीभ तर आहे, ती मनाशी म्हणाली. भाषणाचा कागद तिने घरीच ठेवला आणि चालू लागली.

मांडव माणसांनी भरला होता. साहेब आले होते. फलक हारासह देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. रेणुका उभी राहिली.

“काल त्या वळणावर वत्सलाबाई वेगानं पडल्या नाहीत,” ती म्हणाली. “त्यांची गाडी उटीवर आदळली. ती उटी आमच्या घरची होती. मी ती पिशवीत लपवली, आणि हवालदारांनी विचारलं तेव्हा खोटी मान हलवली.”

मांडवात कुजबुज उठली.

“अगं, बस खाली!” सर्जेराव दबक्या आवाजात म्हणाले. “बापाची अब्रू भर मांडवात काढतेस?”

तेवढ्यात घाटातून ओळखीचा हॉर्न वाजला. सगळ्यांच्या माना वळल्या. तात्यांचा ट्रक चढ चढत होता. त्याच वळणावर, त्याच जागी तो थांबला. तात्या उतरले. सगळ्या गावादेखत त्यांनी हिरवी उटी चाकामागे लावली. थोडा वेळ थांबून ते पुन्हा केबिनमध्ये चढले. ट्रक निघाला आणि मांडवापाशी सपाटीवर येऊन उभा राहिला. तात्यांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि कुणाकडेही न बघता आल्या वाटेने वळणाकडे पायी चालू लागले.

“तात्या, कुठं निघालात?” सर्जेराव ओरडले. “माथवाडीचा गडी परत फिरत नाही!”

“मग आजपासून फिरायला शिका,” तात्या म्हणाले.

ते वळणावर गेले, वाकले आणि उटी उचलून छातीशी धरून चढ चढू लागले. वय झालेले, दगड जड, चढ खडा. पण आधाराला कुणी पुढे झाले नाही. ते चालणे थांबवण्याची कुणाची छाती झाली नाही.

ट्रकच्या केबिनमधून हवालदार उतरले. “तात्या उजाडायच्या आत ठाण्यावर आले होते,” ते साहेबांना म्हणाले. “उटी समोर ठेवून जबाब दिला. विम्याचा कागदही आणला होता. म्हणाले, याची घडी आज मोडा.”

तात्यांनी उटी आणून टेबलावर हाराशेजारी ठेवली. धापा टाकत त्यांनी लेकीकडे पाहिले. “तू बोललीस वाटतं?”

“बोलले.”

“माझी वाट का नाही बघितलीस?”

“मला वाटलं, तुम्ही उटी फेकलीत.”

“मला वाटलं, तू ठरलेलं भाषण करशील,” तात्या म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले आणि दोघांनाही हसू फुटले. असा बाप आपला आहे, या विचाराने रेणुकाची मान जितकी ताठ झाली, तितकी परदेशात पदवी घेतानाही झाली नव्हती.

एक म्हातारे ड्रायव्हर उठले. “त्या चढावर माझीही उटी पडलीय, तात्या.” मग दुसरा उठला. “माझीही.” शेवटी सर्जेरावही उठले. “माझ्या दोन आहेत,” ते पुटपुटले. मांडव सोडून सगळे उटी उचलायला वळणाकडे निघाले.

साहेबांनी फलकाकडे बोट दाखवले. “हा परत नेऊ का?”

रेणुकाने क्षणभर विचार केला आणि ठरवले. “नको, साहेब. फलक लागेल, खाली वळणावर. पण उलटा.”

सर्जेरावांच्या जीपमधून तिने रंगाचा डबा आणि ब्रश आणवला. फलकाची कोरी बाजू पुढे करून तिने मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘उटी लावलीत? तिला दोरी बांधून गाडीलाच अडकवा. उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ खाली एक पिवळे चाफ्याचे फूल काढले. फलक देवळापाशी नाही, वळणावर उभा राहिला.

तात्पर्य: आपली गाडी शाबूत राहिली एवढ्याने आपण सुरक्षित ठरत नाही, आपल्या मागून येणाराही सुखरूप घरी पोचला पाहिजे, आणि चूक झालीच तर ती लगेच सांगून भरून देण्यातच खरा मान आहे.