गोदाताईच्या स्थळावर हेर

आमच्या गावात एक भोळा हेर होता. तो मीच, भिवा.

ही गोष्ट खरी माझ्या थोरल्या भावाची, खंडूदादाची. तो सांगायचा तेव्हा माणसं पोट धरून हसायची. पौषात दादा गेला. आता मलाच सांगावी लागते, आणि मला धड सांगता येत नाही.

जत्रेच्या तंबूत पोरांचा एक सिनेमा आला होता. त्यात सगळं घरच हेरांचं. बाप हेर, आई हेर, म्हातारी आजी पदराखाली कॅमेरा लपवते. दादाने आणि मी पोरांत बसून तो पाहिला. त्याच आठवड्यात गोदाताईला स्थळ आलं. मुलगा शेजारच्या गावचा, निवृत्ती. ताईला मनापासून आवडला होता. पण कुणीतरी पिल्लू सोडलं, मुलगा दारू पितो म्हणून. ताईचं जेवण सुटलं.

दादा म्हणाला, "भिवा, आपण पण घरचेच हेर. सावलीसारखा त्याच्या मागे राहा. पितो का बघ."

मी गेलो. निवृत्ती चालू लागला की मी त्याच्या मागे जमिनीवर पालथा पडून सरपटायचो. दुपारी सावली पायाखाली येते. मीही गेलो. ढग आला तेव्हा घटकाभर विश्रांती मिळाली.

घरी येऊन सांगितलं, "पितो. सारखा पडत होता."

ताई रडायला लागली. दादाने मला पाठमोरा केला. "तुझ्या पाठीवर चपलेचे ठसे कसले रे?"

"त्याचेच. माझ्यावरूनच पडत होता."

दादाने कपाळाला हात लावला. "अरे, वेष बदलून जायचं. आणि आपलं खरं नाव सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आईचं लुगडं नेसलो, मिशीवर पदर घेतला. निवृत्तीच्या घरी हळदीकुंकू होतं. त्याच्या आईने मला कुंकू लावलं, ओटी भरली. बाया म्हणाल्या, "आता नाव घ्या."

मला वाटलं, माझंच विचारतात. खरं नाव तर सांगायचं नव्हतं. म्हणून म्हणालो, "खंडू."

"अगं बाई, असं नुसतं नाही. उखाण्यात घ्या."

"उखाण्यात कशाला? ते काही माझं खरं नाव नाही."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी नारळ घेऊन पळालो.

"पितो का?" दादाने विचारलं.

"पितो. बशीतून."

"काय?"

"चहा. दारूचं विचारलं तर त्याची आई म्हणाली, त्याला वासानेच उलटी होते."

ताई हसली. त्या दिवशी दोन भाकरी जेवली. दादा मात्र माझ्यावर उखडला. "माझं नाव कशाला घेतलंस? यापुढे घरातल्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मी ओळखत नाही."

रविवारी पाहुणे ताईला बघायला आले. पोहे झाले. निवृत्तीची आई मला निरखत होती. "ही बाई, म्हणजे हा बुवा आमच्याकडे हळदीकुंकवाला आला होता."

"माझ्या पायाखाली पण हाच होता," निवृत्ती म्हणाला. त्याने मला विचारलं, "तुम्ही मुलीचे भाऊ का?"

"मी हिला ओळखत नाही."

ताईचा चेहरा पांढरा पडला. निवृत्तीने जरा विचार केला. "हा भाऊ नसेल तर मला मुलगी पसंत आहे."

दादा झटकन म्हणाला, "छे, हा आमचा कुणी नाही. शेजारच्या हौसाकाकूंचा आहे."

सुपारी फुटली. साखर वाटली. ताई लाजून आत पळाली.

मला मात्र हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी मुकाट्याने माझी वाकळ आणि ताटली उचलली आणि हौसाकाकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, मी तुमचा निघालो." त्यांनी वाढलं.

दिवेलागणीला दादा मला शोधत त्यांच्या दाराशी आला. हातात माझ्या वाटणीची साखर होती. "भिवा, चल की घरी. आई वाट बघतीये."

मी हात जोडले. म्हणालो, "माफ करा पाहुणं, मी तुम्हाला ओळखत नाही." आणि दार लावून घेतलं.