ब्रिजितमावशीचा डबा

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा एक बागायतदार राहत होता. माणूस भला, पण जिभेपुढे लाचार. सकाळची न्याहारी करतानाच दुपारी काय शिजणार ते विचारायचा.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या गावात मासे-मटण बंद असे. शिवाय एक जुनी रीत होती. या उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना झाली की तिथेच चिठ्ठ्या निघत. चिठ्ठीत ज्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं नाव येईल, त्याच्याकडे रोज दुपारी आपला डबा न्यायचा आणि त्याच्या शेजारी बसून जेवायचं. डबा ठेवून पळायचं नाही.

त्या वर्षी बस्त्यावच्या चिठ्ठीत ब्रिजितमावशी निघाली. बाकी गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण मावशीच्या तोंडाला लागायची कुणाचीच छाती नव्हती.

पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली, “ही डाळ आहे की भांडी विसळलेलं पाणी?”

बस्त्यावने कसाबसा डबा संपवला. घरी येऊन भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली. एकोणचाळीस दिवस राहिले. मग ईस्टरला असा जेवायला बसेन, की सगळं उट्टं काढीन, असं तो मनाशी म्हणाला. मावशीच्या तोंडात दात नव्हते. ती एकेक घास घोळवत बसे, आणि याच्या डोळ्यांपुढे मटणाचा रस्सा उकळत असे.

आठवड्याने तो फादरांकडे गेला. “फादर, माझ्या मनात तिच्याबद्दल जरासुद्धा माया नाही. नुसतं ढोंग चाललंय. सोडून देऊ?”

फादर म्हणाले, “मनाचं मग बघू. तिला दात नाहीत. उद्या भाकरी कालवून ने.”

उत्तर काही बस्त्यावला पटलं नाही. तरी त्याने भाकरी ताकात कालवून नेली. मावशी त्या दिवशी कुरकुरली नाही, तर यालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पुढे त्याने कालवणातलं तिखट कमी करायला लावलं. मग वाडीतली केळी नेऊ लागला. मावशी आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगे, त्याच त्याच, आणि हा ऐके. भिंतीवरच्या रेघा तेविसाव्या दिवशी थांबल्या. ओढायची आठवणच राहिली नाही.

ईस्टर उजाडला. मिस्सा झाली, घंटा वाजल्या, घरोघरी चुली पेटल्या. बस्त्यावच्या बायकोने, फिलोमीनने, त्याच्या पुढ्यात मटणाचा रस्सा आणि गरम वडे वाढले. बस्त्यावने एक घास घेतला आणि तोच चावत राहिला. दुसरा घास काही उचलवेना.

“काय झालं? बिघडलाय का रस्सा?” फिलोमीनने विचारलं.

“नाही गं. फक्कड झालाय,” तो म्हणाला आणि खरोखर घाबरला. जन्मभर जिभेचं ऐकलेला माणूस तो. आज हवं ते ताट समोर होतं, आणि भूक मात्र भलत्याच घरी जाऊन बसली होती. मावशी आत्ता कुणाबरोबर जेवत असेल?

तो उठला आणि डबा भरू लागला.

“अहो, उपवास सुटला! आता जायचा नियम नाही.”

“नियम नाही, ठाऊक आहे. पण मला इथे जेवण जात नाही.”

फिलोमीनने पदर खोचला. मग म्हणाली, “थांबा, वडे घेते. मीही येते.”

मावशीचं दार उघडंच होतं. चूल थंड होती. पण जमिनीवर दोन पाट मांडलेले होते.

“मावशी, हा दुसरा पाट कुणाला?”

“मांजराला,” मावशी म्हणाली. “उशीर केलास. बस.”

फिलोमीनने आपल्यासाठी तिसरा पाट ओढून घेतला. बस्त्याव बसला, आणि मग मात्र पोटभर जेवला.

तात्पर्य: भूक देवाने दिलेली असते, पण ती कशाची लागावी हे आपण रोज काय करतो त्यावर ठरतं, म्हणून मनात माया येईल तेव्हा चांगलं वागू असं म्हणू नये, आधी डबा उचलावा.