एकाच पदरावरचा टिळा

माणसं जन्मायच्या कितीतरी आधी, एका जिवाणूच्या पोटात कातरी राहायची. जातीने ती विकर, म्हणजे एन्झाइम. डीएनएच्या दुपदरी धाग्यावरून हात फिरवायचा आणि ठरलेली सहा अक्षरं लागली की तिथेच कापायचं, हे तिचं काम. घरच्या धाग्यावरच्या त्या अक्षरांना तिची बहीण दोन्ही पदरांवर टिळा लावून ठेवी. टिळ्याला कातरी हात लावत नसे.

एकदा विषाणूचा धागा आत घुसला.

"कातरे, बघत काय बसलीस? काप की!" आजूबाजूची सगळी विकरं ओरडली.

ती दचकून समोरच्या धाग्याला भिडली. सहाही अक्षरं होती, टिळा नव्हता. तरी तिचं मन धजेना. तिने दुसरा पदर चाचपला. तिथे टिळा होता.

"अगं बाई, हा तर आपलाच! जुन्या पदराला नवा जोडून नुकताच विणलाय. नव्या पदराला टिळा लावायचा राहिलाय."

"भित्री कुठली! तेवढ्यात विषाणू आपल्याला खाईल," शेजारीण म्हणाली.

"आणि मी घरचाच धागा तोडला, तर त्याला खायला तरी काय उरेल?"

कातरी पुढे सरकली. पुढच्या धाग्याचे दोन्ही पदर तिने चाचपले. सहा अक्षरं तीच, पण दोन्ही कोरे होते. कुणी काही बोलायच्या आत तिने तो कचकन तोडला.